पुस्तकातली धमनी आणि तुमच्या ओटीपोटातली धमनी

अलिबाग-पेणच्या खारेपाटात भातशेतीत भरतीचं पाणी घुसलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: खांड कुठे गेली? पाणी दिसतं शेतात, पण ते आलेलं असतं धरमतर खाडीच्या कुठल्यातरी फाट्यातून. तो फाटा कोणता, हे ठाऊक नसताना घाईने भलत्याच ठिकाणी माती टाकली तर दोन गोष्टी होतात. आपलं शेत बुडतंच, आणि शेजाऱ्याचं पाणी विनाकारण अडतं.

आजचा लेख शरीरातल्या अशाच फाट्यांबद्दल आहे. निमित्त म्हणाल तर एक प्रश्न, जो गावाकडून मला हल्ली वरचेवर येतो. "प्रोस्टेट वाढलंय. ऑपरेशनऐवजी नळीतून करायचा उपचार सुचवलाय. सोनोग्राफी झाली, सीटीसुद्धा झाला. आता परत 'सीटी अँजिओ' करायला सांगतायत. कशाला? पैसे काढायला?"

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून आता वैद्यकीय प्रतिमांवर पीएच.डी. करते आहे. सीटीच्या चित्रांतून बारीक रक्तवाहिन्यांचा माग काढणारे प्रोग्रॅम कसे सुधारता येतील, हा माझा विषय. त्यामुळे उपचार घ्यावा की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण ते चित्र का काढायचं आणि ते चांगलं निघालंय की नाही हे कशावरून ठरतं, एवढं मी नक्की सांगू शकते.

नळीतून उपचार म्हणजे काय?

वैद्यकीय भाषेत याला एम्बोलायझेशन म्हणतात. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून एक बारीक नळी आत सरकवायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ती हव्या त्या फांदीच्या तोंडाशी न्यायची आणि तिथून वाळूच्या बारीक कणांसारखे मणी सोडायचे. मण्यांनी ती फांदी बुजते, रक्त कमी पोचतं आणि वाढलेला भाग हळूहळू आक्रसतो. पोट उघडावं लागत नाही, भूलही बहुतेक वेळा जागेपुरतीच.

गर्भाशयातल्या फायब्रॉईडच्या गाठींसाठी हा उपचार पॅरिसमध्ये सुरू झाला. झाक राविना आणि त्यांचे सहकारी ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आधी गर्भाशयाच्या धमन्या बुजवून ठेवत होते. गंमत अशी झाली की त्यातल्या काही बायकांचा त्रास तेवढ्यानेच कमी झाला आणि ऑपरेशनची गरजच उरली नाही. १९९५ मध्ये त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं. प्रोस्टेटसाठी हा उपचार ब्राझीलमधल्या साओ पाउलोत फ्रान्सिस्को कार्नेव्हाले यांच्या गटाने २००८ साली सुरू केला. पाठोपाठ लिस्बनमध्ये जोआओ पिस्को यांच्या गटाने बरंच काम केलं. आता आपल्याकडे मुंबई-पुण्यातही तो होतो.

ऐकायला सोपं वाटतं. अवघड भाग एकच आहे: "हव्या त्या फांदीच्या तोंडाशी." ते तोंड कुठे आहे, हेच माणसागणिक बदलतं.

फांद्यांचा घोळ

हृदयातून निघालेली महाधमनी पोटातून खाली येते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर दोन भागांत फुटते. प्रत्येक भाग थोडा पुढे जाऊन पुन्हा दोन होतो. बाहेरचा जातो पायाकडे, आतला वळतो ओटीपोटात. हा आतला, म्हणजे इंटर्नल इलियाक, जेमतेम चार-एक सेंटीमीटरचा असतो. पण मूत्राशय, गुदाशय, गर्भाशय किंवा प्रोस्टेट, जननेंद्रियं, नितंबाचे स्नायू या सगळ्यांना रक्त देणाऱ्या फांद्या मुख्यतः याच्यातून निघतात.

पुस्तकात या फांद्यांचं एक नीटनेटकं चित्र असतं. खऱ्या शरीरात मात्र दोन फांद्या एकाच बुंध्यातून निघतात, एखादी फांदी भलत्याच धमनीतून येते, एखादी जोडीने येते. जपानी शरीररचनाशास्त्रज्ञ बुंतारो अदाची यांनी १९२८ मध्येच या धमन्यांचे प्रकार पाडले होते. नितंबाकडे जाणाऱ्या दोन मोठ्या धमन्या आणि जननेंद्रियांकडे जाणारी इंटर्नल पुडेंडल धमनी, या तिघींपैकी कोण कोणाबरोबर निघते, यावर ते वर्गीकरण बेतलेलं आहे. ते आजही वापरात आहे. पण अदाचींनी मोठ्या फांद्या बघितल्या. आपल्याला हवी असलेली फांदी त्याहून खूप बारीक आहे.

प्रोस्टेटच्या धमनीचंच बघा. साओ पाउलोच्या गटाने २०१५ मध्ये १४३ पुरुषांच्या अँजिओग्राफीवरून तिचे पाच प्रकार मांडले. डावी-उजवी बाजू वेगळी मोजून आकडे साधारण असे आहेत:

– सुमारे ३१ टक्के बाजूंमध्ये ती इंटर्नल पुडेंडल धमनीतून निघते.
– सुमारे २९ टक्क्यांमध्ये मूत्राशयाच्या वरच्या धमनीबरोबर एकाच बुंध्यातून.
– सुमारे १९ टक्क्यांमध्ये मांडीच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या ऑब्ट्युरेटर धमनीतून.
– सुमारे १५ टक्क्यांमध्ये इंटर्नल इलियाकच्या पुढच्या भागातून, स्वतंत्रपणे.
– उरलेल्या ६ टक्क्यांमध्ये आणखी कुठून तरी.

या यादीकडे जरा थांबून बघा. सगळ्यात "नेहमीचा" प्रकारसुद्धा तीनातल्या एकाच बाजूला आढळतो. म्हणजे 'नॉर्मल' म्हणावं असं इथे काही नाहीच! त्यात एकाच माणसाची डावी बाजू एका प्रकारची आणि उजवी दुसऱ्या प्रकारची असू शकते. काहींना एकाच बाजूला दोन प्रोस्टेट धमन्या असतात. त्यामुळे डॉक्टर कितीही अनुभवी असला तरी "साधारण इथे असते" या अंदाजावर त्याला काम करता येत नाही. प्रत्येक रुग्णाचा, प्रत्येक बाजूचा नकाशा वेगळा.

चुकीच्या घरी गेलेले मणी

प्रोस्टेटसाठी वापरतात ते मणी बहुतेक वेळा ३०० ते ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान. एकदा सोडले की परत घेता येत नाहीत. रक्त जिकडे जाईल तिकडे ते जाणार.

समजा प्रोस्टेटची धमनी मूत्राशयाच्या धमनीबरोबर एकाच बुंध्यातून निघते आहे आणि नळी त्या सामाईक बुंध्यातच थांबली. मग मणी मूत्राशयाच्या भिंतीतही जाणार आणि तिथला तुकडा रक्तावाचून सुकणार. गुदाशयाकडे गेले तर आत जखमा, शिश्नाकडे गेले तर तिथे. अशी गुंतागुंत क्वचित होते, पण होते ती बहुतेक याच कारणाने.

दुसरी भानगड म्हणजे चोरवाटा. प्रोस्टेटच्या आतल्या बारीक धमन्या शेजारच्या अवयवांच्या धमन्यांना मधूनच जोडलेल्या असतात. नळी बरोबर जागी असूनही मणी त्या वाटेने पलीकडे जाऊ शकतात. अशी वाट आधीच दिसली, तर डॉक्टर तिच्यात धातूची छोटी गुंडाळी बसवून ती बंद करतात आणि मगच मणी सोडतात. पण त्यासाठी ती दिसायला हवी.

"सीटी झालाय की!" आणि सीटी अँजिओ यातला फरक

आता मूळ प्रश्नाकडे. आधीचा सीटी का चालत नाही?

सीटीच्या साध्या चित्रात रक्त आणि आजूबाजूचं मांस जवळपास एकाच करड्या रंगाचं दिसतं. म्हणून हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं औषध देतात, ज्याला आपण सगळे 'डाय' म्हणतो. ते जिथे असेल तिथे चित्र पांढरं उमटतं. हे औषध शिरेतून हृदयात, तिथून फुप्फुसात, परत हृदयात आणि मग महाधमनीत येतं. पोटातल्या महाधमनीत पोचायला साधारण वीस-पंचवीस सेकंद लागतात. हृदय अशक्त असेल तर जास्त.

पोटाचा नेहमीचा सीटी औषध दिल्यावर साधारण सत्तर सेकंदांनी काढतात, कारण यकृत आणि इतर अवयव तेव्हा सगळ्यात चांगले दिसतात. पण तोवर औषध धमन्यांतून पुढे सरकून शिरांमध्ये पसरलेलं असतं. धमन्या फिकट आणि शिरा उजळ, सगळं एकमेकांत मिसळलेलं. भरती पूर्ण भरल्यावर खाडीतले फाटे ओळखायला जाण्यासारखं आहे ते. फाटे दिसतात भरती नुकती चढू लागली की, पाणी फक्त वाटांमध्ये असतं तेव्हा.

सीटी अँजिओ म्हणजे तो नेमका क्षण पकडणं. मशीन महाधमनीच्या एका ठिपक्यावर लक्ष ठेवून बसतं. तिथला पांढरेपणा ठरावीक पातळीच्या वर गेला की स्कॅन सुरू होतो. म्हणजे प्रत्येकाच्या हृदयाच्या गतीप्रमाणे वेळ आपोआप जुळते. आधीच्या सीटीचा रिपोर्ट अगदी बरोबर असू शकतो, पण तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो.

दोन ठिपक्यांची धमनी

इथे माझ्यातली फिजिक्सवाली जागी होते, थोडं सहन करा.

प्रोस्टेटची धमनी साधारण एक ते दोन मिलिमीटर जाड. सीटीचं चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचं असतं. संपूर्ण ओटीपोट, म्हणजे समजा ३५ सेंटीमीटर रुंदी, त्या चौकटीत बसवली तर एक ठिपका ३५० भागिले ५१२, म्हणजे जवळपास ०.७ मिलिमीटरचा होतो. म्हणजे ज्या धमनीवर सगळा उपचार अवलंबून आहे, ती चित्रात दोन-तीन ठिपक्यांची! कधी दीडच.

त्याच माहितीतून फक्त मधल्या २० सेंटीमीटरचं चित्र पुन्हा बनवलं तर ठिपका ०.४ मिलिमीटरवर येतो. चित्राचे कापही जाड नकोत. पाच मिलिमीटरच्या कापात अशी धमनी हरवून जाते, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप लागतात. काही केंद्रांमध्ये स्कॅनच्या आधी जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देतात, त्याने धमन्या थोडा वेळ रुंदावतात. (रक्तदाब फार कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी औषधं चालू असतील तर ते देत नाहीत. म्हणून विचारल्यावर लाजू नका, खरं सांगा.)

त्यात वय आड येतं. प्रोस्टेटचा त्रास होतो साठीनंतर. तोवर धमन्यांना वळणं पडलेली असतात आणि मधुमेह, तंबाखू यांमुळे भिंतींवर कॅल्शियम साठलेलं असतं. कॅल्शियम सीटीत इतकं उजळ दिसतं की त्याची चमक शेजारची बारीक पोकळी झाकून टाकते. माझ्यासारख्यांचे प्रोग्रॅम अडखळतात ते नेमके इथेच. मोठ्या धमन्या ते पटापट ओळखतात, पण दोन ठिपक्यांची फांदी आणि तिच्या शेजारची बारीक शीर यांत फरक करायला अजून अनुभवी माणसाचा डोळाच लागतो.

गर्भाशयाची गोष्ट थोडी वेगळी

बायकांमध्ये प्रश्न वेगळा असतो. गर्भाशयाची धमनी बऱ्यापैकी ठळक असते, फायब्रॉईड असतील तर आणखी जाड होते. ती सापडते. अडचण अशी की काहींच्या गाठींना दुसरीकडूनही रक्त मिळत असतं. बीजांडाची धमनी निघते पार वर, मूत्रपिंडांच्या जवळ, थेट महाधमनीतून. काही बायकांमध्ये तीच खाली येऊन गाठीलाही रक्त पुरवते, तर क्वचित एका बाजूची गर्भाशयाची धमनी जवळपास नसतेच आणि सगळा कारभार हीच बघते. अशा वेळी खालच्या दोन्ही धमन्या बुजवूनही गाठ जिवंत राहते. काही महिन्यांनी त्रास परत सुरू होतो आणि "तो उपचार काही कामाचा नाही" असं गावभर होतं.

म्हणून स्कॅन कुठून कुठपर्यंत घेतला, हे महत्त्वाचं ठरतं. फक्त ओटीपोटाचा घेतला तर वरून येणारी ही वाट चौकटीबाहेरच राहते. फायब्रॉईडसाठी बहुतेक वेळा एमआरआय करतातच. त्यातच धमन्यांचं चित्र मूत्रपिंडांच्या पातळीपासून घेता येतं, आणि एक्स-किरणांचा डोसही लागत नाही.

दुसऱ्या बाजूनेही हा नकाशा लागतो. बीजांडाची आणि गर्भाशयाची धमनी एकमेकींना मोठ्या वाटेने जोडलेल्या असतील, तर मणी बीजांडाकडे जाऊ शकतात आणि पाळी लवकर थांबण्याचा धोका वाढतो. पुढे मूल हवं असणाऱ्या बाईसाठी हा लहान मुद्दा नाही. "पिशवी काढून टाका" हे आपल्याकडे किती सहज सांगितलं जातं, ते २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या निमित्ताने सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. पिशवी न काढता करायचा उपचार आहे हे माहीत हवंच, पण तो आपल्या धमन्यांना जुळतो का, हेही आधी कळायला हवं.

मृत्यूचा मुकुट

पळस्पे ते पोलादपूर हा महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे एक प्रकार सांगायलाच हवा. अपघातात ओटीपोटाची हाडं मोडली की आत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. त्यातला धमनीचा स्राव नळीतून बुजवता येतो. पण काही लोकांमध्ये ऑब्ट्युरेटर धमनी आणि पायाकडे जाणाऱ्या बाहेरच्या धमनीची फांदी यांच्यात एक दुवा असतो, पुढच्या जघनास्थीवरून गेलेला. जुन्या शल्यविशारदांनी त्याला 'कोरोना मॉर्टिस' म्हणजे मृत्यूचा मुकुट असं नाव ठेवलं. आतली बाजू बुजवली तरी बाहेरच्या बाजूने रक्त येतच राहतं. सीटीत हा दुवा आधी दिसला असेल तर डॉक्टर दोन्ही बाजूंनी तपासतात.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात मात्र स्कॅनसाठी थांबायला वेळच नसतो. तिथे थेट कॅथलॅबमध्ये, त्या क्षणीच वाट शोधावी लागते.

मग आधी स्कॅन सगळ्यांनाच हवा?

प्रामाणिक उत्तर: यावर एकमत नाही. काही केंद्रं आधी सीटी अँजिओ न करता कॅथलॅबमध्येच कोन-बीम सीटी घेतात. एक्स-रेचा हात रुग्णाभोवती फिरतो आणि नळी ज्या धमनीत आहे तिचंच त्रिमितीय चित्र मिळतं. ही नळी आत्ता नक्की कशाला रक्त देते आहे, याचं उत्तर त्यातून जास्त नेमकं मिळतं. बरेच जण दोन्ही वापरतात: आधीचा स्कॅन वाट ठरवायला, आतला स्कॅन मणी सोडण्यापूर्वी खात्री करायला.

आधीच्या स्कॅनला किंमतही आहे. ओटीपोटाच्या सीटी अँजिओचा डोस साधारण पाच ते दहा मिलिसिव्हर्ट धरा. निसर्गातून जगभरच्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दोन ते चार वर्षांचा वाटा एकदम. साठीच्या माणसासाठी हा धोका फार लहान, तिशीतल्या बाईसाठी विचार करण्याजोगा. शिवाय डायचा भार मूत्रपिंडांवर पडतो, आणि उपचाराच्या दिवशी तीच डाय पुन्हा लागणार असते.

फायदा असा की कोणत्या बाजूने शिरायचं, कॅमेरा कोणत्या कोनात ठेवायचा, कुठली फांदी शोधायची हे आधी ठरलेलं असतं, त्यामुळे टेबलावरची शोधाशोध कमी होते. आणि कधी कधी स्कॅन बघून डॉक्टर सांगतात की या धमन्या फारच खराब आहेत, हा उपचार तुमच्यासाठी नाही. तेही मुंबईला दोन दिवस घालवून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

इथून निघताना

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हा उपचार घ्यायचा तर बहुतेक वेळा पनवेल-नवी मुंबई नाहीतर मुंबई गाठावी लागते. मुरूड-श्रीवर्धनहून जायचं तर अख्खा दिवस जातो. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो आहे, पण पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद. लघवीची नळी लावलेल्या वडिलांना घेऊन हा प्रवास दोनदा करायला लागू नये, म्हणून एवढं लक्षात ठेवा:

१. स्कॅन जवळच्या सेंटरमध्ये करणार असाल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर नेमकं लिहून घ्या: सीटी अँजिओ, कुठून कुठपर्यंत, कशासाठी. नुसतं 'सीटी पेल्विस' लिहिलं असेल तर सेंटरवाले नेहमीचा स्कॅन करून मोकळे होतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

२. फिल्म आणि कागदावरचा रिपोर्ट पुरेसा नाही. पातळ कापांसकट सगळी चित्रं डायकॉम स्वरूपात सीडीवर किंवा लिंकवर मागा, आणि ती त्याच दिवशी मागा. मशीनमधला कच्चा डेटा काही दिवसांनी पुसला जातो. मग बारीक चौकटीचं चित्र पुन्हा बनवता येत नाही.

३. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. मेटफॉर्मिन, रक्त पातळ करणारी गोळी, आयोडीनच्या डायची किंवा इतर औषधांची ॲलर्जी हे सगळं आधी सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

४. पूर्वीचा सीटी असेल तर तोही न्या. क्वचित तो योग्य वेळेत काढलेला निघतो आणि नवा स्कॅन वाचतो.

५. डॉक्टरांना सरळ विचारा: "दोन्ही बाजूंची धमनी दिसली का? कुठून निघते? मूत्राशयाच्या धमनीबरोबर आहे का?" हा आगाऊपणा नाही. ज्यांनी चित्र नीट बघितलंय त्यांना पडद्यावर बोट ठेवून दाखवायला आवडतं.

तेव्हा "परत सीटी कशाला?" याचं माझं उत्तर असं: आधीच्या सीटीने शेत दाखवलं, आता पाण्याची वाट बघायची आहे. ती वाट तुमच्या शरीरात कशी आहे, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही.

प्रश्न असतील तर खाली विचारा. पुढच्या लेखात एमआरआयबद्दल लिहीन: डाय न देतासुद्धा त्यात वाहतं रक्त कसं दिसतं, ते.